गावचा ग्रंथपाल आणि निवासी प्रशिक्षण

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली झाला आणि १ मे १९६८ पासून तो अमलात आला, हे आपल्या विद्यार्थी वाचकांपैकी काहींना ठाऊक असेल. परंतु या कायद्याचे एक वैशिष्ट्य सहसा कोणी सांगत नाही. आपल्याकडील गावचे वाचनालय ही सरकारी कचेरी नव्हे. गावातील चार माणसांनी एकत्र येऊन संस्था नोंदवायची, पुस्तके जमवायची, वाचनालय चालवून दाखवायचे आणि मग शासनाने त्याला मान्यता देऊन अनुदान द्यायचे, अशी ही पद्धत आहे. तमिळनाडू किंवा कर्नाटकाप्रमाणे आपल्या कायद्यात ग्रंथालय कर नाही. त्यामुळे वाचनालयाला हक्काचे स्वतंत्र उत्पन्न नाही. तिथे काम करणारा माणूस शासनाचा नोकर नसून त्या संस्थेचा सेवक असतो. प्रशिक्षणाचा प्रश्न समजून घ्यायचा तर हे मूळ आधी ध्यानात ठेवावे लागते.

अनुदानासाठी ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडलेले आहेत. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शहरांची जुनी, नामांकित वाचनालये सोडली तर खेड्यापाड्यांतील बहुसंख्य ग्रंथालये क आणि ड वर्गांत मोडतात. २०१२ साली ठरलेल्या दराप्रमाणे ड वर्गाला वर्षाकाठी ३०,००० रुपये मिळत. त्यातील निम्मी रक्कम वेतनावर खर्चायची म्हटली तर १५,००० झाले. बाराने भागा. महिना १,२५० रुपये. पुढे दर वाढले, तरी त्या वाढीने कुणाचे घर चालेल असे नाही. आम्ही बँकेच्या काउंटरवर वीस वर्षे घालवलेली माणसे. आकडा दिसला की भागाकार केल्याशिवाय आम्हांला चैन पडत नाही. या भागाकारातून जी रक्कम येते, तिच्यावर गावचा ग्रंथपाल किंवा ग्रंथपालबाई संध्याकाळी कुलूप काढून बसते. बहुधा ती तिथे एकटीच असते.

या एकट्या माणसाकडून अपेक्षा मात्र पुष्कळ. आलेले प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढवायचे, त्याला अनुक्रमांक द्यायचा, शिक्का मारायचा, वर्गांक घालायचा. देवघेवीची नोंद ठेवायची, अनामत आणि वर्गणीच्या पावत्या फाडायच्या, वर्तमानपत्रांची हजेरी लावायची, वर्षातून एकदा साठा पडताळणी करून फाटकी पुस्तके बाद करण्याचा प्रस्ताव कार्यकारी मंडळापुढे ठेवायचा. जिल्हा ग्रंथालय अधिकारी तपासणीला आले की हे सारे दप्तर टेबलावर मांडायचे. शिवाय कोणी सभासद आला तर त्याला पुस्तकही द्यायचे! हे शेवटचे काम आम्ही मुद्दाम शेवटी लिहिले, कारण प्रत्यक्षातही ते शेवटी राहते. अनुदान दप्तरावर मिळते आणि म्हणून सेवकाचा जीव दप्तरात अडकतो. यात त्याचा दोष नाही.

याचा अर्थ आपल्याकडे प्रशिक्षण नाही असा नव्हे. ग्रंथालय संघांच्या वतीने जिल्ह्याच्या ठिकाणी प्रमाणपत्र वर्ग चालतात आणि दहावी झालेल्या सेवकालाही ते करता येतात. वर्गीकरण, तालिकीकरण, ग्रंथालय व्यवस्थापन हे विषय त्यांत शिकवले जातात. हा वर्ग उपयुक्त आहे आणि प्रत्येक सेवकाने तो केलाच पाहिजे. परंतु व्याख्यान संपले की शेवटच्या एस.टी.कडे धावणाऱ्या माणसाला वहीत उतरून घेतलेले हातात उतरवायला वेळ मिळत नाही. जत तालुक्याच्या पूर्व टोकाचे गाव घ्या, नाहीतर पाटणच्या डोंगरातले. अशा गावाहून सांगली किंवा सातारा गाठायचे आणि त्याच दिवशी परतायचे म्हणजे अर्धा दिवस प्रवासातच गेला. चार-पाच दिवस एकत्र राहून, एकाच पंक्तीला जेवून केलेले निवासी शिबिर ही चैन नसून गरज आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. बँक आपल्या कारकुनाला नवी संगणकप्रणाली शिकवायची झाली तर प्रशिक्षण केंद्रात राहायला पाठवते, प्रवासखर्च आणि भत्ता देते. गावातील हजार पुस्तकांची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्यासाठी हा विचार का होऊ नये?

ग्रंथालय सेवकांना पद्धतशीर शिकवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. ती थेट सयाजीराव गायकवाड महाराजांपर्यंत जाते. अमेरिकेतील ग्रंथालये पाहून आल्यावर महाराजांनी १९१० साली बोर्डन नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाला बडोद्यास आणले, आणि १९११ साली तिथे ग्रंथालय शिक्षणाचा वर्ग सुरू झाला. भारतातील हा अशा प्रकारचा पहिला वर्ग मानला जातो. पुढच्याच वर्षी तिथून ग्रंथालयविषयक नियतकालिक निघाले. त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी विभागही होता. खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरवण्याची व्यवस्थाही बडोद्यानेच बसवली. पुस्तके खेड्यात पोचवायची तर ती हाताळणारा माणूसही तयार करावा लागतो, हे त्या संस्थानाने शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. आपल्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानानेही १९४५ साली स्वतःचा ग्रंथालय कायदा केला. मुंबई प्रांतात १९३९ साली नेमलेल्या फैजी समितीनेही ग्रंथालयांचे जाळे सुचवले होते. असो.

आता निवासी शिबिरात नेमके काय शिकवावे, याकडे वळू.

वर्गीकरणापासून सुरुवात करू, कारण त्याचीच सर्वांना धास्ती असते. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केले. साऱ्या ज्ञानाचे दहा मोठे भाग, प्रत्येकाचे पुन्हा दहा, असा हा जिना आहे. त्यात मराठी साहित्य ८९१.४६ या अंकाखाली येते आणि बौद्ध धम्म २९४.३ खाली. एवढे पाठ करणे सोपे. पण शंकरराव खरातांचे ‘तराळ अंतराळ’ कुठे ठेवाल? खरात आटपाडीचे. त्यांचे हे आत्मचरित्र १९८१ साली आले. नियमाने ते चरित्रांत जाईल, वाङ्मयाचा अभ्यासक ते साहित्यात शोधेल, आणि समाजशास्त्राचा विद्यार्थी आणखी तिसऱ्या कपाटापाशी उभा राहील. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) कादंबरीत ठेवली, ठीक. पण आटपाडीच्या वाचकाला ‘आपल्या मुलखाची पुस्तके’ म्हणून एक फळी वेगळी दिसली तर? त्या फळीवर वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ही यायला हवी. अशा प्रश्नांना पुस्तकात तयार उत्तर नसते. रात्री जेवणानंतर दहा सेवक एका सतरंजीवर बसून पन्नास पुस्तकांचा ढीग लावू लागले, भांडले, पुन्हा लावू लागले, म्हणजे वर्गीकरण म्हणजे काय ते कळते. दुपारच्या व्याख्यानात ही भांडणे होत नाहीत. निवासी शिबिराचा खरा तास रात्री सुरू होतो, तो असा.

जतच्या सेवकाची अडचण आणखी निराळी. त्याच्या गावात अर्ध्या घरांतून कन्नड बोलली जाते. मराठीच पुस्तके मांडली तर अर्धे गाव वाचनालयाची पायरी चढणार नाही. खानापूर-आटपाडीकडील कुटुंबे गलाईच्या धंद्यानिमित्त देशभर पांगलेली, पाटण-जावळीतील माणसे मुंबईला. तिथे सणासुदीला आणि जत्रेला गाव भरते, एरवी म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले. मग पुस्तकांची निवड कोणासाठी करायची? शिबिरात प्रत्येकाने आपल्या गावाचा असा कागद तयार करून आणावा आणि तो इतरांपुढे वाचावा. आमच्या मते ही गोष्ट कोणत्याही व्याख्यानाहून मोलाची आहे, कारण एकटा बसणारा माणूस इथे प्रथमच आपल्यासारख्या दुसऱ्याला भेटतो.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील दोन सांगतात की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. ऐकायला हे सोपे वाटते. याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या वाचकांना परके नाही. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्यांचे नाव दाखल झाले, ते भीमराव पुढे मुंबईत शिकत असताना चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकाने ते पाहिले, मुलाची चौकशी केली, त्याला पुस्तके दिली आणि १९०७ साली तो मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. पुढे सयाजीराव महाराजांकडे त्याच्यासाठी शब्द टाकणारेही केळुसकरच. केळुसकर ग्रंथपाल नव्हते, पण त्यांनी केले ते ग्रंथपालाचेच काम. समोरचा वाचक पाहणे आणि त्याला ओळखून पुस्तक देणे हे शिकवता येते का, असे कोणी विचारील. पूर्ण शिकवता येत नसेल, पण सराव देता येतो. एकाने वाचक व्हायचे, दुसऱ्याने सेवक. ‘काहीतरी चांगलं द्या’ म्हणणाऱ्या माणसाला तीन प्रश्नांत त्याचे पुस्तक काढून द्यायचे. यासाठी सेवकाने स्वतः वाचलेले असावे लागते. म्हणून शिबिरात रोज एक तास कोणतेही काम न देता केवळ वाचनासाठी ठेवावा, असे आम्ही सुचवू.

सांगलीत शिबिर भरले तर एक विषय टाळून चालणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले आणि शहर बुडाले, तेव्हा १८६९ सालापासूनच्या नगर वाचनालयातील हजारो पुस्तके भिजली. भिजलेल्या पुस्तकाचे काय करायचे हे खेड्यातल्या सेवकाला कोणी सांगितलेले नसते. तो ती कडक उन्हात पसरतो, आणि पाने आकसून वाकडी होतात. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, म्हणून पहिले दोन दिवस महत्त्वाचे. पुस्तक उभे करून, पानांत शोषक कागद घालून, पंख्याच्या वाऱ्यावर सावलीत वाळवावे. गुळगुळीत कागदाची सचित्र पुस्तके आधी हाताळावीत, कारण त्यांची पाने एकदा चिकटली की सुटत नाहीत. आणि सगळ्यांत आधी वाचवायची ती दाखल नोंदवही. पुस्तके गेली तरी काय गेले याचा हिशेब तिच्यात आहे. ती गेली तर भरपाई मागायलाही आधार नाही. तिची एक प्रत दुसऱ्या घरी, वरच्या मजल्यावर असावी. हे वाक्य आम्ही बँकेतल्या सवयीने लिहिले आहे.

सातारा जिल्ह्यात शिबिर असेल तर एक दिवस भिलारला काढावा. महाबळेश्वर तालुक्यातील हे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ झाले. घरे, मंदिर, शाळा अशा ठिकाणी पुस्तके मांडलेली आहेत. कुणीही यावे, काढावे, वाचावे. तिथे पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे कपाटाला कुलूप नाही. आपल्याकडे अजून कित्येक ठिकाणी पुस्तके जाळीच्या कपाटात आणि किल्ली चिटणिसांच्या खिशात. मुक्तद्वार पद्धतीने काही पुस्तके हरवतील हे खरे, पण कुलपामागे एकही न वाचता कसर लागून गेलेली पुस्तके हरवलेलीच नव्हेत काय? भिलारला पाहुणे येतात म्हणून तिथे शासनाचा हात आहे, आपल्या गावात तो नाही, हा फरकही सेवकाने डोळ्यांनी पाहून यावा. नुसते भारावून येऊ नये.

निवासी शिबिराला अडचणी आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. सेवक गेला की वाचनालय बंद, कारण दुसरा माणूसच नाही. त्यासाठी संस्थेने गावातील एखाद्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला चार दिवस बसवावे. या कामात अनेक ठिकाणी स्त्रिया आहेत. घर आणि लेकरे सोडून चार रात्री बाहेर राहायला त्यांना परवानगी मिळत नाही, आणि मिळाली तरी राहण्याची सोय धड नसते. स्वतंत्र निवास, सोबत लहान मूल आणण्याची मुभा, आणि प्रवासखर्च पहिल्याच दिवशी रोख, या तीन गोष्टी न करता ‘महिलांचा प्रतिसाद अल्प’ असा अहवाल लिहू नये. आणखी एक खोड म्हणजे शिबिराला खरा सेवक न पाठवता संस्थाचालकांपैकी कुणीतरी हवापालट म्हणून जाणे. जो रोज कुलूप काढतो त्यालाच प्रवेश, असा नियम हवा. खर्चासाठी कोलकात्याचे राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून आहे. पुस्तकांबरोबर चर्चासत्रे आणि कार्यशाळांनाही ते साहाय्य देते.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द. ज्यांना या क्षेत्रात जायचे आहे त्यांनी दहावीनंतर प्रमाणपत्र वर्ग करावा, पदवीनंतर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण घेता येते. नोकरी करून शिकणाऱ्यांना नाशिकचे मुक्त विद्यापीठ आहे. शाळा-महाविद्यालयांतील जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ, हे आधीच जाणून असावे. गावच्या वाचनालयात जागा लवकर मिळते. पगाराचा भागाकार वर दिलाच आहे. विहारात किंवा समाजमंदिरात पुस्तकांचे एखादे कपाट असेल, तर सुट्टीत ते उघडून पुस्तकांची दाखल नोंद तरी करून द्यावी. एक जाड वही, एक शिक्का आणि दोन रविवार एवढे पुरतात.