‘नको’ न म्हणणारी बाहुली

मागच्या महिन्यात विहारात किशोरवयीन मुलांसाठी आरोग्याची बैठक झाली. मुलग्यांची बैठक संपल्यावर एक जण मागे रेंगाळला. अठरा-एकोणीस वर्षांचा, बारावी करून कुरिअरचं काम करणारा. इकडेतिकडे बघून त्याने मोबाईल पुढे केला. “ताई, हे खरं असतं का?” व्हिडिओत एक बाई डोळे मिचकावत होती, मान वळवत होती, गोड इंग्रजीत बोलत होती. ती बाई नव्हतीच. सिलिकॉनची बाहुली होती.

दोन दिवसांनी त्याच गल्लीतल्या एक आजी आल्या. त्यांचा नातू रात्री बारा-एक वाजेपर्यंत पांघरुणात तोंड घालून कुणाशी तरी बोलतो, पोरीचा आवाज येतो, पण पलीकडे माणूसच नाही असं तो स्वतःच म्हणतो. “भूत मी मानत नाही,” आजी म्हणाल्या, “पण मग ही कोण?”

दोन्ही प्रश्नांना एकदमच उत्तर द्यावं म्हणून या वेळचं आरोग्य पान त्याला दिलं आहे. घरात मोठ्याने वाचायला अवघड वाटेल. आम्ही पाळीबद्दल पहिल्यांदा लिहिलं तेव्हाही काही घरांनी हे पान दुमडून ठेवलं होतं.

आधी बाहुलीचं. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात एक कंपनी १९९० च्या दशकापासून माणसाच्या मापाच्या बाहुल्या बनवते. नाव ‘रिअलडॉल’. पुढे त्यांनी ‘हार्मनी’ नावाचं बोलणारं डोकं तयार केलं. डोळ्यांची उघडझाप होते, ओठ हलतात, मान वळते, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर येतं. धड मात्र तसंच पडून असतं. ही बाहुली चालत नाही, उठून बसत नाही, कूस बदलत नाही. किंमत दहा-बारा हजार डॉलरच्या घरात, म्हणजे आपले साधारण दहा लाख रुपये. तेव्हा पहिली गोष्ट ही की आपल्या गल्लीत ती उद्या येणार नाही. त्या मुलाला आम्ही हे सांगितलं तर त्याचा चेहरा थोडा पडला आणि थोडा मोकळाही झाला.

ही बाहुली मागवताना गिऱ्हाइकाने रंग निवडायचा, डोळे निवडायचे, छातीचं माप निवडायचं. स्वभावसुद्धा मोबाईलच्या ॲपवर ठरवायचा. लाजाळू किती, मत्सरी किती, प्रेमळ किती. आपल्याकडे मुलगी बघायला आलेली मंडळीही हेच करतात. त्यांची यादी तोंडी असते, एवढाच फरक.

२०१० साली अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका कंपनीने ‘रॉक्सी’ नावाच्या बाहुलीची जाहिरात केली. तिला वेगवेगळे स्वभाव दिले होते. त्यातला एक स्वभाव असा की अंगाला हात लावला तर तिला ते आवडलेलं नाही असं ती दाखवणार. हे वाचल्यावर आम्ही थांबलो. बाहुलीला ‘नको’ म्हणायला शिकवलं, पण ते ‘नको’ मानायचं बंधन कुणावर नाही. उलट ते मोडण्यात मजा यावी म्हणून ते घातलेलं.

वस्तीत बायकांच्या बैठका घेताना आमचा निम्मा वेळ या एका शब्दावर जातो. नवऱ्यालाही ‘नको’ म्हणता येतं, हे कित्येकींना दोन-तीन बाळंतपणं झाल्यावर कळतं. बाळंतिणीला टाके असताना जबरदस्ती झाली म्हणून रक्तस्राव घेऊन आलेल्या बाया आम्ही वॉर्डात पाहिल्या आहेत. आपल्या फौजदारी कायद्यात आजही अठरा वर्षांवरच्या पत्नीवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्काराच्या व्याख्येत बसत नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात मात्र लैंगिक छळ येतो, आणि त्याखाली दाद मागता येते. बाईचा ‘नको’ अजून नीट मोजलाही जात नाही अशा जगात, ज्या शरीराला ‘नको’ नाहीच अशा शरीरावर एखादा मुलगा पुरुषपण शिकणार असेल, तर तो काय शिकेल? हे यंत्र घाणेरडं आहे अशी आमची तक्रार नाही. शरीराची भूक घाणेरडी नसते. आमची तक्रार आहे ती पलीकडे कुणीच नसण्याबद्दल.

एका उपासिकेने विचारलं, यंत्राबरोबर केलं तर तिसरं शील मोडतं का? हा प्रश्न आम्ही भंतेजींकडे सोपवला आहे. आम्ही नर्सिंग शिकलो, तेवढंच बोलतो.

या बाहुल्यांची बाजू घेणारेही आहेत. डेव्हिड लेव्ही नावाच्या लेखकाने २००७ साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि माणूस रोबोवर प्रेम करेल, लग्नही करेल असं भाकीत केलं. बाजू घेणारे म्हणतात की यामुळे वेश्याव्यवसाय कमी होईल. इंग्लंडमधल्या प्राध्यापक कॅथलीन रिचर्डसन यांनी २०१५ साली याविरुद्ध मोहीम सुरू केली. त्यांचं म्हणणं सरळ आहे: शरीर विकत घेणारा समोरच्या बाईला काय वाटतं याचा विचार करत नाही, आणि हे यंत्र तेच नातं घेऊन त्याला सिलिकॉन चढवतं. आम्हाला त्यांचं पटतं. आपल्या समाजाला तर हे जास्त कळायला हवं. जून १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातल्या बायकांना, जोगतिणी-मुरळ्यांना तो धंदा सोडण्याचं आवाहन केलं. त्या बायका तिथे पोचल्या त्या जातीमुळे, भुकेमुळे आणि देवाच्या नावावर वाहिल्या गेल्यामुळे. दहा लाखांची बाहुली यातलं काय कमी करणार?

आता आरोग्याचं. कंपन्या सांगतात की रोबोमुळे गुप्तरोग होणार नाहीत, एकटेपणा जाईल, लैंगिक अडचणींवर उपचार होतील, लहान मुलांवर अत्याचार करणारे सुधारतील. इंग्लंडमधल्या दोन डॉक्टर, शँटल कॉक्स-जॉर्ज आणि सुझन ब्यूली, यांनी २०१८ साली यावर झालेलं सगळं संशोधन शोधून काढायचा प्रयत्न केला. त्यांना प्रत्यक्ष तपासून केलेला एकही अभ्यास सापडला नाही. मतं पुष्कळ, पुरावा शून्य. पुरावा मिळेपर्यंत डॉक्टरांनी हे यंत्र उपचार म्हणून वापरू नये असं त्यांनी लिहिलं. आम्ही औषधाच्या बाटलीला जो नियम लावतो तोच हा. लहान मुलांच्या आकाराच्या बाहुल्यांवर तर ऑस्ट्रेलियाने २०१९ साली कायद्यानेच बंदी घातली, आणि ते बरोबर केलं.

गुप्तरोगाबद्दल थोडं स्पष्ट लिहितो. वस्तू एकाच माणसाची असेल आणि स्वच्छ ठेवली तर त्यातून नवा रोग येत नाही. पण काही देशांत अशा बाहुल्या तासावर भाड्याने देण्याची दुकानं निघाली. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराने २०१८ साली असं दुकान उघडायच्या आधीच नियम बदलून ते रोखलं. स्वस्त बाहुल्या ज्या रबरासारख्या प्लास्टिकच्या असतात त्याला बारीक छिद्रं असतात, ते पूर्ण निर्जंतुक होत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण होणारा एचपीव्ही विषाणू पुसलेल्या वस्तूवरही राहू शकतो. हेच ऑनलाइन मागवलेल्या लहान साधनांना लागू आहे. ती दोघांत वापरू नयेत, वापरली तर निरोध लावावा आणि दर वेळी बदलावा. जखम, पुरळ, घाण वास किंवा लघवीला जळजळ असेल तर सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये जावं. तपासणी मोफत असते, आणि तिथे रोग कुठून आला यापेक्षा तो बरा करण्याशी त्यांचा संबंध असतो.

बाहुली आपल्या वस्तीत येणार नाही, पण तिचा आवाज आलेला आहे. आजींच्या नातवाच्या पांघरुणात तोच होता. मैत्रीण, बायको, प्रियकर बनून बोलणारी ॲप फोनवर फुकट उतरवता येतात. त्यासाठी सिलिकॉन लागत नाही, दहा लाख लागत नाहीत. म्हणून आम्हाला बाहुलीपेक्षा याची काळजी जास्त वाटते.

माणूस यंत्राला जीव लावतो यात नवल नाही आणि मूर्खपणाही नाही. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबॉम या प्राध्यापकांनी ‘एलिझा’ नावाचा साधा संगणक-कार्यक्रम केला. तुम्ही जे टाइप कराल तेच तो प्रश्न करून परत विचारायचा. त्यांच्या सेक्रेटरीला हे यंत्र आहे हे पक्कं माहीत होतं. तरी थोडं बोलून झाल्यावर तिने प्राध्यापकांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. जपानमध्ये सोनी कंपनीने १९९९ साली ‘आयबो’ हा यंत्रकुत्रा काढला. पुढे त्याची दुरुस्ती बंद झाली तेव्हा इसुमी गावातल्या एका बौद्ध मंदिरात बंद पडलेल्या कुत्र्यांसाठी भिक्खूंनी सूत्रपठण करून अंत्यविधी केले. मालक रडले. त्यांचं रडणं खोटं नव्हतं.

पण या ॲपमध्ये खोलीत तिसरा कुणी असतो, तो म्हणजे कंपनी. ‘रेप्लिका’ नावाचं ॲप २०१७ साली आलं. लोक त्याच्याशी प्रेमाचं, शरीराचं बोलू लागले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीने ते बोलणं एकाएकी बंद केलं. कित्येकांना घरातलं माणूस गेल्यासारखं झालं. त्याच महिन्यात इटलीच्या सरकारी संस्थेने लहान मुलांना धोका आणि माहितीचा गैरवापर या कारणांवरून त्या ॲपवर निर्बंध आणले आणि २०२५ साली पन्नास लाख युरोचा दंड केला. तुमचा नातू रात्री जे बोलतो, कोण आवडतं, अंगाला काय वाटतं, घरात कोण मारतं, ते सगळं कुठेतरी साठतं. सावकाराच्या वहीत निदान रक्कमच असायची.

दुसरं असं की ही मैत्रीण कधी थकत नाही, रुसली तरी दोन मिनिटांत हसते, आणि तुम्ही जावं असं तिला कधीच वाटत नाही. तुम्ही जितका वेळ बोलाल तितका कंपनीचा फायदा. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका चौदा वर्षांच्या मुलाने महिनोन्‌महिने अशा एका पात्राशी बोलल्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये आत्महत्या केली. त्याच्या आईने कंपनीवर दावा लावला. २०२५ च्या अखेरीस त्या कंपनीने अठरा वर्षांखालच्या मुलांशी असं मोकळं बोलणं बंद केलं. आत्महत्येला एकच कारण कधीच नसतं, हे आम्ही वॉर्डात शिकलो आहोत. पण मूल बुडत असताना ते ज्याच्याशी बोलत होतं त्याला हाक मारून आईला उठवता येत नव्हतं.

सगळीच यंत्रं आम्ही टाकून देत नाही. जपानमध्ये ‘पारो’ नावाचं सीलच्या पिल्लासारखं, मऊ केसांचं यंत्र आहे. विसरभोळेपणाचा आजार झालेल्या म्हाताऱ्यांच्या मांडीवर ते देतात. कुरवाळलं की आवाज करतं, डोळे मिटतं. ऑस्ट्रेलियात ४१५ वृद्धांवर याचा अभ्यास झाला, तो २०१७ साली छापून आला. नेहमीच्या सेवेपेक्षा पारो मिळालेल्यांची तगमग कमी झाली. पण तेच पिल्लू बॅटरी बंद करून साध्या खेळण्यासारखं दिलं, तर त्यानेही जवळपास तेवढाच गुण आला. म्हणजे त्या म्हाताऱ्यांना मांडीवर काहीतरी हवं होतं.

स्पर्शाची भूक आम्ही रात्रपाळीत पाहिली आहे. सुई टोचून झाली तरी हात न सोडणारे पेशंट असतात. आणि आमचं आडनाव विचारून मग हात पुढे करणारेही असतात. त्यांचंच पॉट आमच्या आया-मावशी उचलतात. ज्या समाजाला स्पर्शच नाकारला गेला त्याला या भुकेबद्दल शिकवायला नको. वस्तीतल्या एकट्या विधुराला, अपंग तरुणाला, लग्न न जमलेल्या मुलाला जवळीक हवी असते, त्याची टिंगल करू नका. टिंगल झाली की माणूस फोनकडेच जातो.

घरात असं ॲप सापडलं तर फोन हिसकावू नका, मारू नका. तो किंवा ती कुणाशी बोलते आहे यापेक्षा दिवसा कुणाशी बोलत नाही ते बघा. झोप, जेवण, कॉलेज, काम सुटलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं निघालं असेल, तर वाट न पाहता १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलतात. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत मैत्री क्लिनिक असतं. आपल्या आशाताईला वार विचारा. ॲप काढायचं तर नुसतं बोटाने दाबून चिन्ह घालवू नका, आधी आतल्या सेटिंगमध्ये जाऊन खातं मिटवा, नाहीतर बोललेलं सगळं तिकडेच राहतं.

आजींचा नातू परवा त्यांना बीपी तपासायला घेऊन आला होता. ॲप अजून ठेवलंय म्हणाला. फक्त रात्री अकरानंतर फोन आजींच्या उशाखाली असतो.