तडकलेली जयजयवंती

गेल्या महिन्यात दादाच्या घरून एक लाकडी पेटी माझ्याकडे आली. आत आमच्या अण्णांनी जमविलेल्या बावीस तबकड्या. अण्णांच्या मागे त्या दादानेच सांभाळल्या. आषाढात तोही गेला. भाचा म्हणाला, “आत्या, हे सगळं आता फोनवर मिळतं. पण टाकवत नाही. तू ठेव.”

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी ओसरीवर चावीचा ग्रामोफोन असे. अण्णा बडोदे संस्थानच्या खानगी खात्यात कारकून होते. पगार बेताचा, त्यामुळे दसऱ्याला एक तबकडी यायची, फार तर दिवाळीला दुसरी. पुंजीच एवढीशी, म्हणून प्रत्येक तबकडी शेकडो वेळा ऐकली जाई.

ऐकण्याचाही एक विधी होता. चावी अण्णाच देत. दर खेपेला पोलादी सुई नवी. बोथट सुईने खाचा खरवडल्या जातात, असे ते बजावीत. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. मैफलीत एका रागाला तास देणाऱ्या कलावंताने तेवढ्यात सांगावे तरी काय? पण पसरायला जागा नसल्यामुळे रागाचे मर्म गायक आरंभीच समोर ठेवी. तीच जागा पुन्हापुन्हा ऐकून आम्हां मुलांना राग ओळखू येऊ लागले. शिकवणी लावावी लागली नाही.

परवा नातवाने जुना ग्रामोफोन दुरुस्त करवून आणला आणि मी एकेक तबकडी काढली. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी निघाली. तरुणपणी ते याच दरबारी होते. १९३७ साली ते गेले. त्यांच्या कन्या हिराबाई निघाल्या, ज्यांच्या आडनावातच आमचे गाव आहे. केसरबाई केरकरांचीही एक तबकडी निघाली. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली, आणि सोबत ती वाजविण्यासाठी सुईही पाठविली गेली. अण्णा असते तर सुईची चौकशी त्यांनी आधी केली असती!

सर्वांत खाली होती आफताब-ए-मौसिकी फैयाज खाँसाहेबांची जयजयवंती. अण्णांनी त्यांना दरबारात समोर बसून ऐकले होते. ५ नोव्हेंबर १९५० रोजी खाँसाहेब बडोद्यातच वारले. त्यानंतर पुष्कळ दिवस अण्णांनी ही तबकडी लावली नाही.

१९५२ चा उन्हाळा. मी आठ वर्षांची. दुपारी सगळे निजले असताना भातुकलीला मोठे ताट हवे म्हणून मी पेटीतून एक तबकडी काढली. पुरणपोळी वाढताना तिच्यावर गुडघा टेकला आणि बारीकसा आवाज झाला. काठापासून आतपर्यंत केसासारखी तड गेली होती. मी ती निमूटपणे पाकिटात घालून ठेवली.

संध्याकाळी अण्णांनी नेमकी तीच लावली. खाँसाहेबांच्या भरदार आवाजामागे टक्, टक्, टक्. अण्णांनी दादाकडे पाहिले. तो पंधरा वर्षांचा. सूरसागरकाठच्या संगीत विद्यालयात शिकत होता आणि पेटीला हात लावायची परवानगी त्याला एकट्यालाच होती. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “माझ्या हातून झालं.”

दिवाळीपर्यंत त्याला ग्रामोफोनला हात लावायची बंदी झाली. रात्री ओसरीवर गाणे लागले की तो जिन्याच्या पायरीवर बसून ऐकायचा. मी सतरंजीवर अण्णांच्या शेजारी. बोलले मात्र काही नाही.

नवी तबकडी घेण्याची ऐपत नव्हती, आणि जुनी टाकण्याची अण्णांची छाती नव्हती. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे, म्हणून अठ्ठ्याहत्तर ठोके. त्यांच्यासकटच आम्ही जयजयवंती ऐकत राहिलो. या रागात दोन गंधार. शुद्ध गंधार मोकळेपणी वावरतो. कोमल गंधार दोन ऋषभांच्या मधून हळूच डोकावतो. तो मला प्रथम दाखविला दादानेच, जिन्यावर बसून. “थांब, बोलू नको. हा बघ, आला!” त्याची बंदी चालू असतानाची ही गोष्ट.

नातवाने फोनवर तेच गाणे ऐकविले. आवाज स्वच्छ आणि मोठा. माझ्या कानांना आता तेच सोयीचे. मी मात्र ठोक्याची वाट पाहत बसले होते. मग आमची तबकडी लावली. पाकिटावर दादाचे अक्षर दिसले. बाकीच्या एकवीस पाकिटांवर त्याने रागाचे नाव घातले आहे. इथे एवढेच: “तडकलेली. टाकू नये.”

आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर अशी पेटी असेल. भंगारवाल्याला देण्यापूर्वी ती एकदा उघडावी आणि जवळ कुणाला तरी बसवून ऐकावी. गाणे दुसरीकडे मिळेल; घरातली तड मिळणार नाही.

अण्णांना सांगायचे धैर्य मला कधी झाले नाही, आणि दादाने ते कधी मागितले नाही. म्हणून इथे लिहिते. ती तबकडी दादाने तडकवली नव्हती. मी तडकवली होती.