लहानपणचे व्हिडिओ गेम आणि त्यांचे कारागीर



कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने व्हिडिओ गेमवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. माझे स्वतःचे लहानपण विटीदांडू, गोट्या आणि भोवरा यांत गेले. परंतु ज्या कामगारांत माझे दिवस जातात, त्यांतले बरेचसे आज चाळिशीच्या आसपास आहेत. सभेला अवकाश असला, की ही मंडळी ‘मारिओ’च्या आणि ‘कॉन्ट्रा’च्या गोष्टी काढतात, आणि पाळी संपवून आलेल्या थकल्या चेहऱ्यांवर एकदम तरतरी येते. ज्या वस्तूच्या नुसत्या आठवणीने कष्टकरी माणूस तीस वर्षांनंतरही हसतो, ती वस्तू क्षुल्लक म्हणता येणार नाही. ती कोणी घडविली, कशी घडविली आणि तिच्यावर पैसा कसा गोळा झाला, एवढ्या तीन गोष्टी आपण पाहू.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. जपानातील क्योटो शहरात १८८९ साली निन्टेंडो नावाचा खेळावयाच्या पत्त्यांचा कारखाना निघाला. याच कंपनीने १९८३ साली घरच्या टीव्हीला जोडावयाचे एक खेळयंत्र विक्रीस आणले. आपल्याकडे १९९० नंतर गावोगाव जी यंत्रे आली, ती बहुतेक त्याच्या स्वस्त नकला होत्या. दोन रिमोट, एक बंदूक आणि वरून खोचावयाची कॅसेट, एवढा त्याचा संसार. कॅसेटवर ‘९९९९ गेम’ असे ठसठशीत छापलेले असे. प्रत्यक्षात मोजकेच खेळ निरनिराळ्या क्रमांकांनी पुन्हा पुन्हा येत. अड्याळसारख्या गावात असे यंत्र आळीत एखाद्याच घरी असावयाचे. त्यामुळे पोरांचा क्रम लागे. एकाचा मारिओ खड्ड्यात पडला, की रिमोट दुसऱ्याच्या हाती. ज्याच्या घरचा टीव्ही त्याला एक पाळी जास्त हवी असे, आणि तेवढ्यावरून तंटा होई. वीज गेली, की तंटाही मिटे आणि सगळे अंगणात येत.

आता हा खेळ घडतो कसा? ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ साली निघाला. तो सबंध खेळ, त्यातील बत्तीस टप्पे, चित्रे आणि संगीत धरून, चाळीस किलोबाइटांत बसविलेला आहे. आपल्या खिशातील मोबाईलवर काढलेला एक साधा फोटो याहून कित्येक पट जागा खातो. इतक्या तोकड्या जागेत जग उभे करावयाचे, म्हणजे कारागिराला काटकसर आलीच. त्या खेळात आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप ही दोन्ही एकच चित्रे आहेत. फक्त रंग बदलला आहे. मारिओला मिशी आणि टोपी आहे, तीही याच काटकसरीने. १९८१ च्या ‘डॉंकी कॉंग’ या खेळात तो पहिल्याने आला, तेव्हा चित्राला थोडेच ठिपके मिळत. त्यांत ओठ आणि केस नीट दिसेनात, म्हणून शिगेरू मियामोतो यांनी मिशी आणि टोपी घातली. त्या खेळात हा मारिओ सुतार होता, आणि पुढे १९८३ साली तो नळ जोडणारा झाला. आपल्या पोरांचा लाडका नायक राजपुत्र नसून हातावर पोट असलेला कामकरी होता, हे मला कळले तेव्हा, खरे सांगतो, फार बरे वाटले.

बदके मारावयाच्या बंदुकीचीही अशीच गंमत आहे. त्या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नसे. चाप ओढला, की पडदा निमिषभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमके. बंदुकीच्या नळीत उजेड ओळखणारा एक लहान भाग असे. त्याला पांढरे दिसले, तर नेम लागला. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर हे जमे. आजच्या सपाट टीव्हीवर ती बंदूक चालत नाही. आणि कॅसेटमध्ये फुंकर मारण्याचे ते प्रसिद्ध औषध? फुंकरीने फारसे काही होत नसे. कॅसेट काढून पुन्हा बसविल्याने तांब्याच्या पट्ट्या नीट टेकत, म्हणून खेळ चालू होई. उलट तोंडाच्या वाफेने पट्ट्यांवर गंज धरण्याचा संभव.

कॉन्ट्रा खेळताना विशिष्ट क्रमाने कळा दाबल्या, की तीस जीव मिळत. ही युक्ती मूळची काझुहिसा हाशिमोतो या कारागिराची. १९८६ साली ‘ग्रॅडिअस’ नावाच्या खेळाची घरगुती आवृत्ती करताना त्याला तो खेळ तपासावयाचा होता, आणि खेळ इतका कठीण की त्याचा त्यालाच पार करता येईना. काम हलके व्हावे म्हणून त्याने ही चोरवाट ठेवली, ती तशीच राहिली आणि जगभर पोरांच्या तोंडी झाली.

पण हे हाशिमोतो, हे मियामोतो, यांची नावे आपल्या पोरांना ठाऊक होती काय? आपल्या भंडारा जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. बिडीच्या बंडलावर कारखानदाराचे लेबल असते, पाठ मोडेपर्यंत ती वळणाऱ्या बाईचे नाव नसते. पितळेच्या भांड्यावर ठोकणाऱ्या कासाराचे आणि कोशाच्या साडीवर विणकराचे नाव आपण कधी वाचले आहे? व्हिडिओ गेमचेही तेच झाले. अमेरिकेतील अटारी कंपनी खेळ करणाऱ्याचे नाव डब्यावर घालीत नसे. तेव्हा वॉरन रॉबिनेट नावाच्या तिच्या एका नोकराने आपल्या ‘ॲडव्हेंचर’ या खेळात एक गुप्त खोली केली आणि तिच्यात आपले नाव लिहून ठेवले. याच अन्यायाला कंटाळून चार कारागीर बाहेर पडले आणि १९७९ साली त्यांनी ‘ॲक्टिव्हिजन’ ही कंपनी काढण्यात हात घातला. त्यांच्या खेळांवर करणाऱ्याचे नाव असे. तिकडे रशियात अलेक्सी पाजितनोव यांनी १९८४ साली ‘टेट्रिस’ रचला. विटा रचण्याचा तो खेळ हातातल्या लहान यंत्रांवर आपल्याही घरोघर पोहोचला. त्यांना त्याचा मोबदला मिळू लागला तो १९९६ पासून.

या गोष्टीचा पुढचा अध्याय ऐकण्यासारखा आहे. जी ॲक्टिव्हिजन कारागिरांच्या मानासाठी निघाली, तीच पुढे फार मोठी झाली. तिच्याच रेव्हन या शाखेत खेळांतील दोष तपासणाऱ्या कामगारांनी मे २०२२ मध्ये मतदान करून आपली संघटना स्थापन केली. बाजूने एकोणीस मते पडली, विरुद्ध तीन.

आता पैशाकडे वळू. पैसा ज्या रीतीने गोळा करावयाचा, त्या रीतीने खेळ घडतो. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’सारख्या यंत्रात नाणे टाकून खेळावयाचे. तेथे खेळणारा लवकर हरला पाहिजे, म्हणजे दुसरे नाणे पडते. कॅसेट एकदाच विकत घ्यावयाची. मग पोरे तासभर खेळोत की महिनाभर, मालकाला पुढे काही मिळत नसे. त्या खेळाला म्हणून शेवट असे. आज मोबाईलवरचे अनेक खेळ फुकट मिळतात आणि आतल्या आत पैसे मागतात. त्यांना शेवट परवडत नाही. तुम्ही रोज परत यावे, अशीच त्यांची रचना असते. त्याहून वाईट ते पैजेचे खेळ. मुलीच्या लग्नासाठी घेतलेली उचल अशा खेळात एका रात्रीत घालविलेला तरुण कामगार मी पाहिला आहे. त्याच्या घरी जाऊन बसलो, तेव्हा बोलावे काय ते सुचेना. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तो अशा घरांसाठी आवश्यक होता. तथापि कायदा कागदावर राहू नये, हे पाहणे आपले काम आहे.

जुने सारे सोन्याचे होते, असे मी म्हणत नाही. नाण्याचे यंत्रही पोरांचे खिसे रिकामे करीतच होते. आपले मूल पडद्यापुढे बसले म्हणून त्याच्यावर ओरडू नका. जवळ बसा आणि विचारा, हा खेळ कोणी केला, तो पैसे कशातून मिळवितो, आणि तो कधी संपतो? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० साली ‘राजी’ नावाचा खेळ जगाच्या बाजारात आणला. उद्या पवनीचे, अड्याळचे पोरही असा खेळ करील. त्या वेळी त्याचे नाव खेळावर असावे, त्याला कामाचे तास ठरलेले असावेत आणि मोबदला पुरता मिळावा, एवढी तजवीज आपल्या पिढीने आतापासून करावयास हवी.