शेवंडीचा मोसम आणि पाणबुड्यांचे प्राण

जुलैअखेर लागोपाठ येणाऱ्या बुधवार-गुरुवारी अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात हौशी पाणबुड्यांना शेवंडी धरण्याची मुभा असते. नियमित मोसम ६ ऑगस्ट ते ३१ मार्च असा प्रदीर्घ. तरीही झुंबड उडते ती या दोन दिवसांत, आणि त्या झुंबडीत अनेकदा माणसे प्राणास मुकली आहेत. बंदी उठताच समुद्राकडे धावण्याची ही घाई, १ ऑगस्टची वाट पाहणाऱ्या आमच्या किनाऱ्यास अपरिचित नाही.

शेवंडीच्या रक्षणाबाबत तेथील कायदा कमालीचा दक्ष आहे. कवच ३ इंचांहून मोठे हवे, माप पाण्यातच घ्यावयाचे, अंडी असलेली मादी सोडून द्यावयाची. पाणबुड्याने यापूर्वी बुडी कधी मारली होती, हे मात्र परवाना देताना कोणी विचारीत नाही. वर्षभर अडगळीत पडलेली साधने चढवून तो कपारीत डोके घालतो. भक्ष्यावर खिळलेली नजर हवेच्या मापकाकडे वळत नाही. हवा सरताच घाबरून, श्वास कोंडून तो वर झेपावतो. १० मीटर खोलीवर छातीत भरलेली हवा पृष्ठभागी दुप्पट जागा मागते आणि फुप्फुसे फाटू शकतात. शिवाय वर नौकांची वर्दळ! उघड्या समुद्रात पाणबुड्याच्या लाल-पांढऱ्या ध्वजापासून ३०० फुटांच्या आत नौकेने गती अगदी मंद करावी, असा नियम आहे; पाणबुड्यानेही त्याच परिघात राहावयाचे असते.

परवान्यालाच अलीकडील सरावाच्या दाखल्याची अट जोडावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पर्यटनाचे व्यापारी कुरकुरतील. त्यांना कुरकुरू द्यावे.