मे महिन्यातली हिरवी रुई

मे महिन्यात भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या एस. टी.त बसा आणि अंबाडी नाक्यावर उतरा. भाताची खाचरे मोकळी पडलेली दिसतील. बांधावरचे गवत वाळून पिवळे झालेले असेल. पण रस्त्याच्या कडेला, मुरमाच्या ढिगावर, पुरुषभर उंचीचे एक झुडूप खुशाल हिरवे उभे असते. त्याला कोणी पाणी घातलेले नसते. पाने जाड आणि राखट हिरवी, फुले फिकट जांभळी. ओळखलेत ना? ती रुई.

रुईचे शास्त्रीय नाव कॅलोट्रॉपिस जायगँशिया. तिची सख्खी बहीण कॅलोट्रॉपिस प्रोसेरा आफ्रिकेच्या वाळवंटी प्रदेशापासून आपल्या थरच्या वाळवंटापर्यंत वाढते. मग मनात प्रश्न येतो. जैसलमेरला वर्षाला २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर ठाणे जिल्ह्यात सुमारे २,५०० मिलिमीटर. वाळवंटी घराण्यातल्या या झुडपाचे अंबाडीला काय काम?

उत्तर पावसाच्या बेरजेत नाही, वाटणीत आहे. आपल्याकडचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. त्यातही मुरमाच्या उतारावर पाणी थांबत नाही. वर्षभरात किती पाणी पडले याच्याशी झाडाला कर्तव्य नसते. आज मुळाशी किती पाणी आहे, एवढेच त्याच्या कामाचे. त्या हिशेबाने अंबाडीच्या रस्त्याची कड म्हणजे दरवर्षी येणारे आठ महिन्यांचे वाळवंटच!

पाणी राखण्याची युक्ती

या वाळवंटात रुई टिकते कशी? एक तर तिचे सोटमूळ खोल जाते आणि वरचा थर सुकल्यावरही खालची ओल शोधते. दुसरी युक्ती पानात आहे. पान न तोडता त्याच्या खालच्या बाजूला हलकेच बोट लावा. पांढरी, मऊ लव लागेल. ओले कपडे वाऱ्यावर लवकर वाळतात, कारण कपड्यालगतची दमट हवा वारा वाहून नेतो आणि तिच्या जागी कोरडी हवा येते. रुईच्या पानावरची लव नेमके हेच होऊ देत नाही. केसांच्या जाळीत हवेचा पातळ थर अडकून राहतो आणि पर्णरंध्रांतून निघालेली वाफ सावकाश बाहेर पडते. पांढऱ्या रंगामुळे थोडे ऊनही परत फेकले जाते. शिवाय पानावर मेणाचा लेप असतो, तो वेगळाच.

फूल आणि म्हातारी

रुईच्या फुलाच्या मधोमध एक मुकुट असतो. इतर फुलांसारखे यातले पराग सुटे उडत नाहीत. ते लहान लहान पुड्यांत बांधलेले असतात. मोठा काळा भुंगा मधासाठी आला की पुडी त्याच्या पायाला अडकते आणि दुसऱ्या फुलात जाते. १८२७ मध्ये पाण्यातील सूक्ष्म कणांची सततची धावपळ पाहणारा रॉबर्ट ब्राऊन तुम्हाला ‘ब्राऊनीय गती’मुळे ठाऊक असेल. कॅलोट्रॉपिस ही प्रजाती त्यानेच ठरवली. रुईच्या कुळातील वनस्पती आणि ऑर्किड यांचा अभ्यास करतानाच त्याने १८३१ मध्ये पेशीतील केंद्रकाला नाव दिले!

फळ तडकले की रेशमी धाग्यांचा झुबका असलेले बी बाहेर पडते. तुम्ही तिला ‘म्हातारी’ म्हणता. वारा नसलेल्या खोलीत तीन मीटर उंचीवरून एक खडा सोडा. तो पाऊण सेकंदात जमिनीवर येईल. आता म्हातारी सोडा आणि घड्याळ पाहा. लवकरच हवेचा रोध आणि तिचे वजन यांची बरोबरी होते आणि ती एकाच संथ वेगाने उतरते. तेवढ्या वेळात वारा तिला दूरच्या ढिगावर नेऊन टाकतो.

माणसाची जुनी ओळख

शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात. रथसप्तमीच्या स्नानात हीच पाने असतात, कारण संस्कृतात रुईचे आणि सूर्याचेही नाव ‘अर्क’. दुखऱ्या सांध्यावर तेल लावून गरम केलेली पाने बांधण्याची रीत घरोघरी होती. म्हातारीचा कापूस उशांत भरत. खोडाच्या सालीचा चिवट धागा धनुष्याच्या दोरीला आणि मासे पकडण्याच्या जाळ्यांना वापरत. योगायोग पाहा, गावाचे नाव अंबाडी, आणि अंबाडी या झाडाच्या सालीपासूनही दोर वळतात.

चिकाची खोड

पान तुटले की पांढरा चीक भळभळतो. तो विषारी आहे, म्हणून गुरे रुईला सहसा तोंड लावत नाहीत. एकदा आमच्या सहलीत एका विद्यार्थ्याने पाने तोडली आणि त्याच हाताने डोळा चोळला. तो म्हणाला, “दुखत नाही, सर.” आम्हीही निर्धास्त झालो. दोन तासांनी त्याला त्या डोळ्याने अंधूक दिसू लागले. डॉक्टरांच्या उपचाराने काही दिवसांत तो बरा झाला, पण न दुखण्यावर विसंबून आम्ही वेळ घालवला, ही चूक मी विसरलेलो नाही. चीक डोळ्यात गेल्यावर पुष्कळदा वेदना होत नाहीत, तरी बुबुळावरचा पारदर्शक पडदा सुजतो. म्हणून डोळा लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा आणि दुखो वा न दुखो, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

मग ही विषारी झुडपे उपटूनच टाकावीत का? छे! बिबळ्या कडवा या नारिंगी फुलपाखराच्या अळ्या याच पानांवर वाढतात आणि त्यातले विष आपल्या अंगी साठवून पक्ष्यांपासून स्वतःला वाचवतात. तेव्हा रुईकडे जा, पानाची खालची बाजू पाहा, अळी आहे का शोधा. फक्त पान तोडू नका, आणि घरी आल्यावर डोळ्याला हात लावण्याआधी हात साबणाने धुवा.