‘बंद कर’ म्हणण्याआधी

मुले जपानी अ‍ॅनिमे पाहू लागली की आपण खोलीत डोकावून ‘बंद कर’ म्हणतो. आम्हीही म्हणत होतो. मग दहावीतल्या एका विद्यार्थ्याच्या आग्रहावरून २००० सालच्या ‘बूगीपॉप फँटम’चे १२ भाग पाहिले.

शहरात रात्री प्रकाशाचा स्तंभ उठतो, मुले नाहीशी होऊ लागतात. कथा सतत मागेपुढे जाते. सुरुवातीला आम्ही गोंधळलो. पण तीच घटना दुसऱ्याच्या नजरेतून पुन्हा दिसली, तेव्हा कळले: इथे प्रत्येकाकडे सत्याचा एकच तुकडा आहे आणि कुणीच कुणाशी बोलत नाही. एका मुलाला माणसांच्या छातीवर त्यांच्या मनातली बोच किड्यासारखी दिसते. तो ते किडे काढून खातो आणि त्यातच वाहवत जातो. चित्रेही मळकट, रंग उजळतात ते शेवटच्या भागात.

अशी मालिका जोखताना आम्ही दोनच प्रश्न विचारतो. गोंधळातून काही उलगडते का? भीतीमागचे दुःख दिसते का? इथे दोन्हींचे उत्तर ‘हो’. तरी हिंसा आहे. लहानांना दाखवू नये, मोठ्यांच्या शेजारी बसावे.

त्या विद्यार्थ्याला आवडता भाग विचारला. ‘किड्यांचा,’ म्हणाला, आणि हळूहळू घरचे सांगू लागला.