ठेका, पाय आणि साखर

आपल्याकडे ‘डीजे’ म्हटले की माणूस डोळ्यांसमोर येत नाही. येते ती मिरवणुकीतल्या ट्रॅक्टरवर रचलेली बॉक्सची भिंत. ‘डीजे लावला’, ‘डीजेवर बंदी आली’ असे आपण सहज बोलून जातो. मुळात डीजे म्हणजे डिस्क जॉकी. तबकड्या निवडून, एका गाण्यातून दुसऱ्यात अलगद नेऊन रात्रभर लोकांना नाचवत ठेवणारा माणूस. अशाच एका माणसाची ही गोष्ट. त्याने एका जुन्या कारखान्याच्या इमारतीतून जगभर पोहोचलेला संगीतप्रकार घडवला. त्याचे एक पाऊल मात्र अखेर कापावे लागले. कारण ज्या आजाराने ते घडले, तो आजार आज आपल्या जवळजवळ प्रत्येक नात्यागोत्यात आहे.

शिकागोची शनिवार रात्र

फ्रँकी नकल्स यांचा जन्म १८ जानेवारी १९५५ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला. लॅरी लेव्हन हा त्यांचा जिवलग मित्र. सत्तरच्या दशकात दोघेही न्यूयॉर्कमध्ये तबकड्या वाजवायला शिकले. त्यांच्या ओळखीचे रॉबर्ट विल्यम्स शिकागोला गेले आणि तिथे त्यांनी एक नाचघर सुरू करायचे ठरवले. त्यांनी आधी लॅरीला बोलावले. लॅरीने न्यूयॉर्क सोडायला नकार दिला, म्हणून निमंत्रण फ्रँकीकडे आले. १९७७ मध्ये, बाविसाव्या वर्षी, ते शिकागोला आले.

साउथ जेफरसन स्ट्रीटवरच्या २०६ क्रमांकाच्या तीन मजली इमारतीतले हे नाचघर. लोक त्याला ‘द वेअरहाउस’ म्हणजे गोदाम म्हणत. तिथे येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाचे समलिंगी तरुण होते. शहरातल्या इतर ठिकाणी त्यांच्याकडे कधी रंगामुळे, कधी त्यांच्या आवडीमुळे तिरप्या नजरेने पाहिले जाई. इथे मात्र ते निर्धास्त असत. दारू मिळत नसे. फळांचा रस आणि पाणी असे. शनिवारी रात्री सुरू झालेला नाच रविवारी दुपारपर्यंत चाले. जाहिरात फारशी नव्हतीच. एकाने दुसऱ्याला सांगायचे, एवढेच.

१२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानावर एका रेडिओ निवेदकाच्या पुढाकाराने डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवून देण्यात आला. प्रेक्षक मैदानात घुसले आणि त्या दिवसाचा दुसरा सामना रद्द करावा लागला. डिस्कोची लाट ओसरत होती, कंपन्या नवी गाणी काढायला कचरत होत्या. नाचायला तर दर शनिवारी लोक येतच होते. मग नकल्स यांनी जे हाताशी होते त्यातूनच नवे करायला घेतले. टेपरेकॉर्डरच्या फिती कापायच्या, ठेक्याचा तुकडा पुन्हा पुन्हा जोडायचा, तीन मिनिटांचे गाणे दहा मिनिटांचे करायचे. पुढे त्यांनी यांत्रिक ढोल, म्हणजे ड्रम मशीनही वापरायला सुरुवात केली. शिकागोतल्या तबकड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक ‘वेअरहाउसमध्ये वाजते ते द्या’ असे मागू लागले, आणि त्या शब्दाचे शेपूट तेवढे उरले : हाउस. आज जगभरच्या क्लबमध्ये वाजणाऱ्या हाउस संगीताचे नाव असे पडल्याचे सांगतात.

१९८२ च्या अखेरीस वेअरहाउस सोडून त्यांनी ‘पॉवर प्लांट’ हे स्वतःचे नाचघर काढले. पुढे मोठमोठ्या गायकांच्या गाण्यांना नाचण्याजोगे रूप देण्यासाठी त्यांना बोलावणी येऊ लागली. अशा कामासाठी ग्रॅमी पुरस्कारांत नवा विभाग सुरू झाला, तेव्हा १९९७ या वर्षासाठीचा पहिला मान त्यांना मिळाला. २००४ मध्ये शिकागोने जेफरसन स्ट्रीटच्या त्या तुकड्याला त्यांचे नाव दिले. एके काळी ज्या दारात पत्ता माहीत असलेलेच पोहोचत, ती इमारत २०२३ मध्ये शहराचा वारसा म्हणून जाहीर झाली.

ठेका पायांना कसा कळतो?

हाउस संगीताचा ठेका साधा असतो. मिनिटाला साधारण १२० ठोके आणि प्रत्येक ठोक्यावर खर्जातला दणका. ही गती उगाच निवडलेली नाही. माणूस सहज चालतो तेव्हा त्याची पावलेही मिनिटाला ११० ते १२० च्या आसपास पडतात. लेझीम खेळणाऱ्यांना किंवा वारीत टाळाच्या नादावर चालणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. ठेका ऐकताना आपण हललो नाही, तरी मेंदूतले हालचालीचे भाग जागे होतात, हे मेंदूच्या स्कॅनमधून दिसले आहे. पाय आपोआप हलू लागतात, त्याची मुळे इथे आहेत.

यात खर्जाच्या आवाजाचा वाटा किती? कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्याखुऱ्या मैफलीत त्यांनी कानाला जवळजवळ जाणवणार नाहीत इतक्या खालच्या, ८ ते ३७ हर्ट्झच्या लहरी दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केल्या. नाचणाऱ्यांच्या डोक्यावर हालचाल मोजणाऱ्या पट्ट्या होत्या. त्या लहरी चालू असताना लोक सरासरी ११.८ टक्के जास्त हलले. त्या कधी चालू झाल्या, कधी बंद पडल्या, हे ओळखणे लोकांना जमत नव्हते.

म्हणजे खर्ज आपण केवळ कानांनी ऐकत नाही. तो जमिनीतून तळव्यांत, छातीत, पोटात शिरतो. तळव्यांच्या त्वचेत आणि सांध्यांच्या आसपास कंपन टिपणारी सूक्ष्म केंद्रे असतात. त्यांच्याकडून निघालेला संदेश जाड मज्जातंतूंमधून पाठीच्या कण्यातून मेंदूपर्यंत जातो. उभे राहताना तोल सांभाळायलाही हेच तंतू उपयोगी पडतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढे त्याचेच काम आहे.

मात्र कानांची मर्यादा वेगळी. खर्ज अंगाला सुखावतो म्हणून आवाज वाढवत नेला, तर आतल्या कानातल्या केसांसारख्या नाजूक पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. नियम सोपा आहे : ८५ डेसिबल आठ तास चालतात, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये करमणुकीच्या ठिकाणांसाठी १०० डेसिबलची कमाल सरासरी सुचवली. सोबत कानात घालायचे बोळे आणि विसाव्यासाठी शांत कोपराही असावा, असे सांगितले. मिरवणुकीतल्या भिंतीसमोर तासन्तास नाचणाऱ्या पोरांना हे कुणीतरी सांगायला हवे. मिरवणुकीनंतर कानात शिट्टी वाजत राहणे ही थकव्याची खूण नव्हे, इजेची आहे.

विश्रांती हेच औषध

नकल्स यांना मध्यम वयात टाइप २ मधुमेह झाला. बर्फावर फळीवरून घसरण्याच्या खेळात त्यांचे पाऊल मोडले होते. पुढे त्या हाडात जंतुसंसर्ग झाला. त्यांच्या निधनानंतर आलेल्या वृत्तांनुसार, उपचारांसाठी कामातून सुट्टी घ्यायला ते तयार झाले नाहीत. २००८ मध्ये पाऊल कापावे लागले. त्यानंतरही ते तबकड्यांमागे उभे राहत होते, देशोदेशी जात होते. ३१ मार्च २०१४ रोजी, ५९ व्या वर्षी, मधुमेहाच्या गुंतागुंतीमुळे शिकागोत त्यांचे निधन झाले.

मोडलेले हाड सहसा जुळते. मग मधुमेहात गोष्ट पाऊल गमावण्यापर्यंत का जाते? कारणे तीन आहेत आणि ती एकमेकांना हात देतात. पहिले, वर्षानुवर्षे वाढलेली साखर मज्जातंतूंना इजा करते. सर्वांत लांब तंतू पायांपर्यंत जातात, म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होतो. खिळा टोचला, फोड आला, चप्पल घासली, तरी दुखत नाही. दुसरे, पायाकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या अरुंद होतात. जखमेपर्यंत ना पुरेसा प्राणवायू पोहोचतो, ना प्रतिजैविक औषध. तिसरे, साखर जास्त असताना जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. जखम हाडापर्यंत गेली की उपचार आठवड्यांचे होतात. प्रतिजैविके, कधी खराब हाड काढून टाकणे आणि त्या पायावर अजिबात भार न देणे.

यातली शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. गोळी खाता येते, इंजेक्शन घेता येते. पण सहा आठवडे पाय टेकवू नका म्हटले की माणूस अडतो. नकल्स यांच्यासारख्या नामवंताला काम थांबवणे जमले नाही. मग रोजंदारीवरचा गवंडी, दिवसभर उभा राहणारा सुरक्षारक्षक किंवा घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या मावशी यांना ते कसे जमावे? पायाच्या जखमेकडे ‘बघू नंतर’ म्हणून दुर्लक्ष होते, त्यामागे दर वेळी अज्ञान नसते. बहुतेकदा बुडणारी मजुरी असते. रुग्णाला केवळ रागावून हा प्रश्न सुटत नाही. घरातल्यांनी आणि मालकानेही ती विश्रांती औषधाइतकीच खरी मानायला हवी.

बधिर पायाचे हे शास्त्र उलगडण्यात भारताचा मोठा वाटा आहे. तमिळनाडूत जन्मलेले शल्यविशारद पॉल ब्रँड वेलोरला कुष्ठरोग्यांवर उपचार करत. रुग्णांची बोटे, पाऊले रोगाने झडतात असा तेव्हा समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिले की खरे नुकसान वेदना न कळल्यामुळे होते. दुखत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो. भार वाटून देणारे प्लास्टर घातले की त्या जखमा भरू लागत. १९६६ मध्ये ते अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि हे ज्ञान पुढे मधुमेहींच्या पायांसाठी वापरले गेले. आजही तळव्याच्या जखमेसाठी असे प्लास्टर हा खात्रीचा उपाय मानला जातो.

दोन मिनिटांची तपासणी

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. मधुमेह्याला आयुष्यात कधी तरी पायाची जखम होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के धरली जाते. पाय कापावे लागणाऱ्या मधुमेहींपैकी दहातल्या आठांहून अधिक जणांत सुरुवात एका साध्या जखमेने झालेली असते. म्हणजे ती जखम वेळीच दिसली, तर पुढचे बरेचसे टळते.

रोज झोपण्यापूर्वी पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा घरातल्या कुणाला तरी पाहायला सांगावे. कुरूप ब्लेडने कापू नये. पाणी किती गरम आहे हे पायाने नव्हे, कोपराने पाहावे. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा नाही ना हे तपासावे. चालताना चप्पल पायातून निसटली आणि कळलेच नाही, तर ती विसरभोळेपणाची गंमत समजू नये. डॉक्टरांकडे जावे. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालताना बधिर तळव्यांना फोड येतात आणि ते घरी आल्यावर दिसतात. मोजे घालून किंवा सकाळी लवकर गेल्याने भक्तीत काही उणे पडत नाही.

वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायांची तपासणी करून घ्यावी. ती जेमतेम दोन मिनिटांची असते. एक बारीक नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून स्पर्श कळतो का ते पाहतात, पायाच्या नाड्या चाचपतात आणि १२८ हर्ट्झचा नादकाटा वाजवून अंगठ्याच्या हाडावर ठेवतात. पुरुष गायक ‘पांढरी एक’मध्ये लावतात तो षड्ज साधारण याच उंचीचा. नादकाटा थरथरत असतो आणि डॉक्टर विचारतात, ‘कळतंय का?’ खर्जाचा दणका जमिनीतून वर आणणारे जाड तंतू शाबूत आहेत की नाही, हे त्या उत्तरातून समजते. मधुमेहात अनेकदा आधी हरवते ती हीच कंपनाची जाणीव.

घरात कुणाला मधुमेह असेल, तर पुढच्या वेळी साखरेचा रिपोर्ट दाखवताना पायातले मोजेही उतरवायला सांगा. डॉक्टर स्वतःहून पाहत नसतील, तर ‘पाय तपासता का?’ असे विचारायला संकोचू नका.